नाकांतील दागिना घरीं कसा काढावा



नाकांत दागिना कसा घालावा हें सांगणारीं माणसें आपल्याकडे घरोघर आहेत. नथ कोणत्या शालूवर शोभते, चमकीचा खडा केवढा असावा, मुलीचें नाक कोणत्या वयांत टोंचावें, या प्रत्येक प्रश्नावर घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीपाशीं ठाम उत्तर असतें. परंतु घातलेला दागिना काढावा कसा, असें विचारल्यास बहुधा एकच उत्तर येतें, "काढायचा कशाला?" आजच्या विषयाची सारी अडचण या उत्तरांतच सांठलेली आहे. एका निवृत्त मास्तरानें या विषयावर बोलावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, नाक कोणाचेंहि असलें तरी मळसूत्राचा नियम एकच असतो, आणि असलेच नियम मुलांना समजावून देण्यांत माझें आयुष्य गेलें आहे.

दागिना काढण्याची वेळ क्वचितच सवडीनें येते. शस्त्रक्रिया ठरते, आणि आदल्या संध्याकाळीं परिचारिका सांगते कीं अंगावरचें सगळें सोनें उतरवून ठेवा. बांगड्या निघतात, कुड्या निघतात. चमकी निघत नाहीं. रुग्णालयाचा हा आग्रह केवळ चोरीच्या भीतीनें असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अपुरी आहे. शस्त्रक्रियेंत रक्तस्राव थांबविण्यासाठीं विजेवर चालणारें उपकरण वापरतात, आणि अंगावरील धातूच्या वाटेनें तो प्रवाह गेल्यास तेथील कातडी भाजण्याचा संभव असतो. भूल देतांना श्वासनलिकेंत नळी घालावी लागते. त्या वेळीं नाकपुडींतील एखादा सैल भाग निसटून श्वासमार्गांत जाऊं शकतो. तिसरें कारण एमआरआय या नांवानें आतां सर्वांच्या परिचयाचें झालेलें तें प्रचंड चुंबकाचें यंत्र. सोनें चुंबकाकडे ओढलें जात नाहीं हें खरें. पण आपल्या नाकांत आहे तें सगळें सोनेंच आहे हें सांगणार कोण? दागिन्यांवर शुद्धतेची छाप असण्याची सक्ति १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू झाली, तेव्हां दोन ग्रॅमपेक्षां कमी वजनाचे जिन्नस तींतून वगळण्यांत आले. चमकी बहुधा त्याहून हलकीच असते. वरील कोंदण सोन्याचें आणि आंतील दांडी वा फिरकी दुसऱ्याच मिश्रधातूची, असेंहि आढळतें. तेव्हां "आमची सोन्याची आहे, राहूं द्या" हा युक्तिवाद त्या यंत्रापुढें चालत नाहीं.

रुग्णालयाशिवाय इतरहि प्रसंग आहेत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कित्येक स्त्रियांच्या नाकाचें अस्तर सुजतें, आणि एरवीं सैल असलेली चमकी रुतूं लागते. गांधीलमाशी डसली, चेहऱ्याला मार लागला, कांहीं भाजलें, तरीहि सूज चढण्यापूर्वीं दागिना बाहेर यावयास हवा. या सर्व प्रसंगीं उपयोगी पडते ती एकच गोष्ट: आपल्या नाकांत कोणत्या बनावटीचा दागिना आहे हें आधीं ठाऊक असणें. काढतांना इजा होते ती दागिना अवघड म्हणून क्वचित्. तो कसा बसविला आहे हें न पाहतां त्याला ओढतात म्हणून ती होते.

पण बनावटीकडे वळण्यापूर्वीं मनाच्या अडचणीविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे, कारण हात अडतो तो पुष्कळदां तेथेंच. वैधव्यांत स्त्रीचें नाक, कान, गळा मोकळा करण्याची जी क्रूर रूढि होती, तिची सांवली आजहि या लहानशा खड्यावर पडलेली आहे. नवरा हयात असतां नाक मोकळें करणें अभद्र, असें वाटणाऱ्या स्त्रिया सुशिक्षित घरांतूनहि आहेत. त्यांना हंसूं नये. मात्र त्यांना एक गोष्ट सांगावी. नाकांतील दागिना वेदकालापासूनचा आहे, ही समजूत संशोधनाला मान्य नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं नथीच्या प्राचीनतेचा कसून शोध घेतला होता. आपल्या जुन्या वाङ्मयांत व शिल्पांत तिचा मागमूस लागत नाहीं, तिचा प्रघात सुमारें एक हजार वर्षांचा, असें त्यांचें मत पडलें. अजिंठ्याच्या चित्रांतील राजस्त्रिया गळाभर मोतीं, कानांत कुंडलें, केसांत रत्नें ल्यालेल्या आहेत; नाक मोकळेंच आहे. त्यांना कोणी अभागिनी म्हणत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या शेजारच्या आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या व खुब्याचें हाड मोडलें. वय ७८. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं सकाळीं. नाकांत लग्नापासूनची चमकी, साठ वर्षांत एकदांहि बाहेर न निघालेली. सूनबाईंनीं खडा चिमटींत धरून ओढला. नाक लाल झालें, थेंबभर रक्त आलें, चमकी जागची हलली नाहीं. आजींची तक्रार मात्र दुखण्याची नव्हती. "हे समोर बसलेले असतांना नाक ओकें करूं? तें माझ्याच्यानें व्हायचें नाहीं," असें म्हणून त्यांनीं तोंड फिरविलें. शेवटीं आजोबा काठी टेकीत खाटेपाशीं गेले. "अगं, ही घातलीस ती माझ्यासाठींच ना? मग मीच सांगतों, काढून ठेव. चालूं लागलीस कीं मीच तुला घालीन." आजी कांहीं बोलल्या नाहींत, पण तोंड इकडे वळलें. मग रुग्णालयाच्या परवानगीनें ओळखीच्या सोनाराला बोलावलें. त्यानें विजेरीच्या उजेडांत नाकपुडी पाहिली आणि म्हणाला, "आजी, ही ओढायची नव्हे, फिरवायची आहे." कोमट पाण्यानें मळ भिजवायला पाव तास लागला; फिरकी सुटायला मिनिटभरहि लागलें नाहीं.

त्या सोनारानें जें केलें तेंच घरीं करतां येण्यासारखें आहे. प्रथम उजेडांत पाहावें. विजेरी घेऊन, दुसऱ्या माणसानें समोर बसून, नाकपुडी खालून पाहिली असतां दागिन्याचें आंतील टोंक दिसतें, आणि त्या टोंकावरून सारें कळतें.

आपल्याकडील चमक्यांत सर्वांत अधिक आढळते ती फिरकीची. खड्यामागें बारीक दांडी, दांडीवर मळसूत्राचे आटे, आणि आंतून बसविलेली चकतीसारखी फिरकी. येथें बाहेरचा खडा स्थिर धरावयाचा व आंतील फिरकी तेवढी फिरवावयाची. दोन्हीं एकदम फिरलीं तर कातडी पिळवटते, मळसूत्र सुटत नाहीं. फिरकीच्या बाजूनें पाहतां ती घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरली पाहिजे. आरशांत पाहून काम करणाऱ्यांचा येथें हटकून गोंधळ होतो, कारण आरसा डावें-उजवें बदलून दाखवितो. सोपी खूण अशी: फिरकी हें बाटलीचें झांकण आहे असें मनांत आणावें, आणि त्या झांकणाकडे तोंड करून आपण तें उघडीत आहों अशा रीतीनें बोट फिरवावें. अर्धा वेढा देऊन ती अधिकच घट्ट होत आहे असें वाटलें तर थांबावें व उलट दिशा घ्यावी.

दुसरी बनावट वांकड्या तारेची. हिला फिरकी नसते. आंत गेलेली तार काटकोनांत मुडपलेली असते. ती सरळ बाहेर ओढल्यास मुडपलेला भाग भोंकाला आडवा बसतो व आंतून ओरखडा काढतो. दागिना हळूहळू फिरवून मुडपलेलें टोंक नाकपुडीच्या तोंडाकडे आणावें, मग तें वळण जसें आहे तसें त्याला वाट देत बाहेर काढावें. तारेचें वेटोळें असेल तर तें बूच काढावयाच्या स्क्रूसारखें फिरवीत फिरवीत काढावें लागतें. कांहीं सोनार सरळ तार घालून मग ती आंतल्या आंत चिमट्यानें वळवून देतात. ही तार घरीं सरळ करूं नये. वारंवार वांकविलेलें सोनें तुटतें आणि तुटलेलें टोंक सुईसारखें धारदार राहतें. येथें सोनाराचीच पकड हवी.

आणखी दोन प्रकार बाजारांत आहेत. एकांत सरळ दांडीच्या टोंकाला मोहरीएवढें बोंड असतें. तो फिरवून उपयोग नाहीं. आंतून करंगळीच्या पेरानें बोंडाला आधार देऊन, बाहेरून एकाच संथ जोरानें सरळ ओढावा. बोंड भोंकांतून जातांना क्षणभर टोंचतें, तेवढें सोसावें. हिसका मात्र नको. दुसऱ्या प्रकारांत मागें चपटी चकती असते व खडा तिच्या पोकळ दांडींत दाबून बसविलेला असतो. तेथें चकती आंतून धरून खडा सरळ उपटावा.

नथीची गोष्ट निराळी. तिची तार कमानदार असते, आणि लग्नघरांत तीन-चार तास मोत्यांचा भार सोसून भोंक अगोदरच दुखावलेलें असतें. अशा वेळीं घाईनें नथ खालीं ओढणाऱ्यांचें नाक फाटल्याचींहि उदाहरणें आहेत. प्रथम एका हातानें नथीचा भार उचलून धरावा, मग अडकविलेलें टोंक सोडवावें, व कमानीच्या वळणानेंच तार बाहेर फिरवून घ्यावी. पदराचा धागा तारेंत गुंतला असेल तर आधीं धागा कापावा. पैठणी महाग असली तरी नाक अधिक महाग आहे. चापाच्या नथीला भोंकच लागत नाहीं, म्हणून तिच्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीची तयारी. एक कप पाणी उकळून कोमट करावें व त्यांत पाव चमचा मीठ विरघळवावें. हात साबणानें स्वच्छ धुवावेत, नखें कापलेलीं असावींत. त्या पाण्यांत स्वच्छ जाळीचें कापड, जें औषधाच्या दुकानांत गॉज म्हणून मिळतें, तें भिजवून दागिन्याभोंवतीं आंतून-बाहेरून पांच-दहा मिनिटें धरावें. दांडीभोंवतीं जो चिकट मळ वाळून बसतो तोच पुष्कळदां खऱ्या फिरकीहून घट्ट असतो. तो भिजला म्हणजे अर्धें काम झालें. एवढ्यानें न सुटल्यास पुन्हां भिजवावें. सोपा उपाय म्हणून पुष्कळजणी खोबरेल तेल सोडतात. भिजलेला मळ सुटावयास थेंबभर तेल चालेल, पण मग बोटें निसटतात, म्हणून फिरकीला हात लावण्यापूर्वीं सर्व पुसून कोरडें करावें. आणि नाकांत तेलाची धार तर कधींच सोडूं नये. पकड मिळत नसेल तर कोरड्या गॉजचा तुकडा किंवा पातळ रबरी हातमोजा बोटावर घ्यावा. घरांतील पान्हे-पकडी पेटींतच राहूं द्याव्या.

बसण्याची रीत फार महत्त्वाची आहे, आणि तिकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. खुर्चीवर ताठ बसून मान किंचित् पुढें झुकवावी व तोंडानें श्वास घ्यावा. मांडीवर पांढरा टॉवेल पसरावा. मोरीपाशीं बसल्यास तिचें तोंड कापडानें बंद करावें. नाकांत नीट दिसावें म्हणून पुष्कळजणी मान मागें टाकतात, किंवा आजारी माणसाला उताणें निजवून हें काम करतात. फिरकी अचानक सुटली, दुखून माणूस दचकला आणि त्यानें श्वास आंत ओढला, कीं ती फिरकी घशांत व तेथून श्वासनलिकेंत जाऊं शकते. ही कल्पना नव्हे. श्वासनलिकेंत अडकलेल्या चमकीचे रुग्ण आपल्या देशांतील डॉक्टरांनीं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविलेले आहेत, आणि कित्येकांच्या बाबतींत कित्येक महिने निव्वळ खोकल्यावर औषध चाललें होतें. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाला बसतां येत नसेल, तर काम घरच्यांनीं न करतां परिचारिकेवर वा डॉक्टरांवर सोंपवावें.

एखादा भाग नाकांत पडलाच तर नाक वर ओढूं नये, बोट वा चिमटा आंत घालूं नये. मान पुढें करून, दुसरी नाकपुडी दाबून, एकदां हलकेंच शिंकरावें. बाहेर न आल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावें. भाग घशाकडे गेला आणि खोकल्याची उबळ आली, तर मात्र त्याच पावलीं रुग्णालय गांठावें. उबळ थांबली म्हणून निश्चिंत होऊं नये, कारण वस्तु खालीं जाऊन स्थिर झाल्यावरहि खोकला थांबतो. धातु असल्यामुळें क्षकिरणाच्या छायाचित्रांत ती दिसते. पोटांत गेली असली तरी डॉक्टरांना दाखवावें.

कांहीं दागिन्यांना घरीं हातच लावूं नये. टोंचून चार-सहा महिने झाले नसतील तर भोंक कच्चें असतें. दागिना निघाला तर कांहीं तासांतच तें आक्रसूं लागतें. पू झाला असेल, लाली पसरत असेल किंवा ताप आला असेल, तर दागिना काढून टाकला म्हणजे बरें वाटेल अशी समजूत होते. ती चुकीची ठरूं शकते. वरचें भोंक मिटून पू आंत कोंडतो, म्हणून आधीं डॉक्टरांना विचारावें. नाक व वरचा ओठ यांच्या भागांतील शिरांचा मेंदूकडील शिरांशीं संबंध असल्यामुळें तेथील गळूं पिळणें विशेष धोक्याचें मानतात. फिरकीवर किंवा खड्यावर कातडी चढली असेल तर ती सोडविणें हें सुईनें बधिर करून डॉक्टरांनींच करावयाचें काम. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें घेणाऱ्या वृद्धांनीं तसें आधीं सांगावें. आणि एक नवीन खूळ आहे, चुंबकाच्या चमकीचें. नाक न टोंचतां शोभा मिळते म्हणून शाळकरी मुली ती लावतात. तिचे दोन चुंबक नाकाच्या मधल्या पडद्याच्या दोन बाजूंना एकमेकांस चिकटले, तर मधल्या कूर्चेचा रक्तपुरवठा तुटून कांहीं तासांत तिला इजा होऊं लागते. अशा वेळीं घरीं खटपट करीत बसूं नये, तत्काळ डॉक्टर गांठावा.

काढल्यावर प्रथम सारे भाग मोजावेत, आणि फिरकी पुन्हां दांडीवर चढवून चमकी लहान डबींत ठेवावी. सुटी फिरकी हरवली कीं जोड मिळत नाहीं. थोडें रक्त आल्यास मान पुढें ठेवून स्वच्छ गॉजनें दहा मिनिटें, मध्यें उघडून न पाहतां, दाबून धरावें. एवढ्यानें न थांबल्यास डॉक्टरांकडे जावें. भोंकांत हळद भरण्याची गरज नाहीं. मिठाच्या पाण्यानें पुसून कोरडें करावें, इतकें पुरे.

दागिना फार दिवस बाहेर राहणार असेल तर भोंक बुजूं नये म्हणून पूर्वीं कडुलिंबाची काडी घालीत. काडीची सल आंत मोडते व तिच्याबरोबर जंतु जातात. त्याऐवजीं याच कामासाठीं मिळणारी कांचेची किंवा प्लॅस्टिकची बारीक दांडी स्वच्छ करून घालावी. शस्त्रक्रियेपुरतीहि अशी दांडी चालेल कीं नाहीं, हें भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीं विचारून ठेवावें. कित्येक वर्षांचें जुनें भोंक बहुधा एकदम बुजत नाहीं, पण आक्रसतें. तेव्हां चमकी परत घालतांना ती सहज गेली तरच घालावी. अडली तर तशीच दडपूं नये, बारीक दांडीची चमकी करून घ्यावी. आणि ज्यांच्या नाकांतील चमकी कित्येक वर्षांत निघालेली नाहीं, त्यांनीं शस्त्रक्रियेची तारीख ठरली कीं दोन-चार दिवस आधींच, दिवसाउजेडीं, घरचें माणूस जवळ घेऊन ती एकदां सोडवून पाहावी. सोनाराला बोलावणें तेव्हां सोपें असतें, रात्रीं दहा वाजतां तो दुकान बंद करून घरीं गेलेला असतो.